नव्वद पावलांची पट्टी

या गल्लीत राहायला आले त्या पहिल्याच दिवशी मी दोराला अडखळून तोंडावर आपटायची वाचले. "वहिनी, पाय उचला, पाय!" असं कुणीतरी ओरडलं. बघते तर गुडघाभर उंचीवर, गल्लीच्या लांबीने, एक दोर ताणलेला. आणि एक बाई पाठमोरी, उलट्या पावलांनी माझ्या दिशेने येत होती. कमरेला पिवळट वाखाचा हा एवढा पुंजका गुंडाळलेला, दोन्ही हातांच्या बोटांतून त्यातले धागे सुटत होते, आणि सुटता सुटता त्यांची दोरी होत होती. माझ्यापासून दोन पावलांवर येऊन ती थांबली आणि मागे न बघताच म्हणाली, "नवीन दिसताय. चपलेचा आवाज ओळखीचा नाही."

त्या दोरवाल्या मावशी. गल्लीतली मुलं त्यांना 'रिव्हर्स मावशी' म्हणत आणि मावशींना त्याचा राग नव्हता. "म्हणू देत," त्या म्हणायच्या, "रिव्हर्स नसेल तर गाडी या गल्लीतून बाहेर तरी पडेल का?"

दोर वळायचं काम मी तोवर कधी जवळून पाहिलं नव्हतं. मावशींच्या दारात एक चाक होतं, त्याला तीन आकडे. चाकापाशी स्टुलावर काका, म्हणजे मावशींचे यजमान, बसायचे. मावशी कमरेच्या वाखातली चिमूट आकड्यात अडकवायच्या, काका चाक फिरवायला लागायचे आणि मावशी मागे मागे निघायच्या. वाख म्हणजे घायपाताच्या पानातला धागा, हातभर लांबीचा. एक संपायच्या आत दुसरा त्यात मिसळला पाहिजे, ना कमी ना जास्त. तशा तीन दोऱ्या झाल्या की तिन्ही एकत्र वळायच्या. त्यासाठी मावशींच्या सुनेच्या हातात एक लाकडी ठोकळा असायचा, भोवऱ्यासारखा, तीन खाचांचा. ती तो घेऊन टोकापासून चाकाकडे हळूहळू चालत यायची आणि तिच्या मागे तीन दोऱ्यांचा एक दोर होत जायचा. पीळ बसताना दोर आखडतो. तीन पावलांच्या दोरीतून दोन पावलांचा दोर निघतो. "एक पाऊल पिळाचं," काका सांगायचे. "ते कुणालाच मिळत नाही."

हे सगळं मावशींना शिकवलं सासऱ्यांनी. लग्न होऊन आल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांच्या हाताला वाख लागू दिला नाही. डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवून गल्लीभर उलटं चालायला लावलं. मान वळली की पाणी सांडायचं, पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. कारण दोरवाल्याने मागे बघितलं की हात सैल पडतो, आणि हात सैल पडला की दोर तिथे बारीक होतो. "माझ्या टाचांना डोळे आहेत," असं मावशी म्हणायच्या आणि ते अगदी खरं होतं. कुठे खड्डा, कुठे गटाराची फरशी, कुठे लोहाराने टाकलेलं लोखंड, सगळं टाचांना पाठ. तीस वर्षांत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण गल्ली काही दोर वळायला बांधलेली नव्हती. सकाळी दूधवाल्याची मोटरसायकल, मग शाळेच्या बाईंची स्कूटर, मग गॅसची गाडी. कुणी आलं की काकांनी चाक थांबवायचं, मावशी आणि सुनेने उकिडवं बसून दोर जमिनीला टेकवायचा, वाहन वरून जाऊ द्यायचं आणि पुन्हा उठायचं. दिवसाकाठी वीस-पंचवीस उठाबशा. दूधवाला रोज ओरडायचा, "मावशी, रस्ता काय तुमच्या सासऱ्यांचा आहे का?"

"त्यांचाच होता," मावशी बसल्याबसल्या म्हणायच्या, "तुझ्या दुधात पाणी घालायला सोडलाय त्यांनी."

हसत हसत चालायचं, पण नुकसान व्हायचंच. चाक थांबलं की पीळ ढिला पडतो आणि दोरात तेवढी जागा मऊ राहते. बाजारातला व्यापारी डोळे मिटून दोरावरून अंगठा फिरवायचा आणि नेमका तिथे थांबायचा. शिवाय गल्ली बेचाळीस पावलांची. पुढे लोहाराची भिंत. बेचाळीस पावलांतून निघणार अठ्ठावीस पावलांचा दोर. विहिरीवाल्यांना, ट्रकवाल्यांना हवा असतो त्याच्या दुप्पट लांब, तोही बिनसांध्याचा. सांधा दिला की अर्धी किंमत. त्यात मुलाने ट्रकवर नोकरी धरलेली, महिन्यातून एकदा घरी. त्याच्याच मालकाला लांब दोर हवे असायचे आणि आईच्या घरचे चालत नसत.

एवढंच असतं तरी मावशींनी रेटलं असतं. त्यांना खरं सलत होतं ते वेगळंच.

मावशींची नात, ठकी, तेव्हा दीड वर्षाची होती. घरातली तिन्ही माणसं दोरावर, एकाचाही हात मोकळा नाही, आणि ही नुकती चालायला लागलेली. एकदा ती तुरुतुरु गल्लीच्या मध्यावर गेली आणि दूधवाल्याने मोटरसायकल आडवी घातली म्हणून वाचली. तो स्वतः कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला, दुधाचा कॅन लोहाराच्या दारापर्यंत गडगडत गेला. त्या दिवशी त्याने सासऱ्यांचा रस्ता काढला नाही. ठकीला उचलून सुनेच्या हातात दिलं आणि खाली बसून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून ठकीच्या कमरेला दोर आला. धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीच्या पट्ट्यांचा, तीन पदरी, चार पावलं लांब. दुसरं टोक दाराच्या खांबाला. मावशींच्या हातचा सगळ्यात चांगला दोर कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. गाठ टोचू नये म्हणून तिच्यावर कापूस गुंडाळलेला. संध्याकाळी काम संपलं की मावशी आधी तो सोडायच्या आणि पोरीच्या कमरेला तेल चोळायच्या. "गुरासारखं बांधलंय पोरीला," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. एकदाच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्यांच्या मनात एक जागा होती. पिठाच्या गिरणीची मागची भिंत आणि शेजारच्या जुन्या गोदामाची भिंत, या दोहोंच्या मधली. चार हात रुंद आणि सरळसोट नव्वद पावलं लांब. तिथे घर बांधता येत नव्हतं, पीक घेता येत नव्हतं, गाडी वळत नव्हती. गिरणीवाल्याने झिजलेली जाती आणि मोडकी पिंपं टाकून ती भरून ठेवली होती. दळण आणायला गेल्या की मावशी पिठाचा डबा खाली ठेवून ती पट्टी मोजून यायच्या. मोजताना मात्र सरळ चालायच्या. अकरा वर्षं मोजली, नव्वदची एकोणनव्वद झाली नाहीत की एक्याण्णव झाली नाहीत. दोन्ही बाजूंना भिंती, वाहन येणं शक्य नाही, ठकीने कितीही पळावं, हरवायला जागाच नाही. बिनसांध्याचा साठ पावलांचा दोर निघाला असता, ते आणखी वेगळं.

गिरणीवाला वाईट नव्हता. "घ्या की," म्हणायचा, "पण फुकट घेऊ नका, मला झोप येणार नाही."

अशात गावात ती संस्था आली.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. संस्थेची एक मुलगी, पंचविशीची, खांद्याला पिशवी, सगळे तिला ताई म्हणायला लागले. तिने सांगितलं की गावातल्या खालच्या अंगाच्या प्रत्येक घराला सारखीच रक्कम मिळेल, दोन हप्त्यांत, थेट खात्यात. "पैसे तुमचे. कशाला वापरायचे ते तुम्ही ठरवा. परत करायचे नाहीत."

"व्याज किती?" लोहाराने विचारलं.

"परतच करायचे नाहीत, तर व्याज कसलं काका?"

"तेच म्हणतोय. ज्याचं व्याज सांगत नाहीत ते सगळ्यात महाग."

सगळे हसले. ताई पण हसली आणि फॉर्म काढून एकेकाला विचारायला लागली, "तुमच्या मनात काय करायचं आहे? आम्हाला समजावं म्हणून विचारतेय हं, बंधन काही नाही." तिचं हे शेवटचं वाक्य हसण्यात बुडालं, की ऐकूनही कुणी घेतलं नाही, कुणास ठाऊक.

रांगेत मावशींच्या मागे त्यांच्या मोठ्या जाऊबाई. तोंडात मोजून तीन दात, पण बोलणं असं की बत्तीस असल्यासारखं. त्यांनी कोपराने ढोसलं. "शेळ्या म्हण."

"मला कुठे शेळ्या हव्यात?"

"हव्यात कुणाला? म्हणायचं असतं. शेळ्या म्हटलं की मिळतं. जमीन म्हणशील तर म्हणतील, पहिली कुठाय, कागद दाखव, नकाशा दाखव."

जाऊबाईंचं म्हणणं उगाच नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांना कुठल्याशा योजनेतून शेळी मिळाली होती, कानात बिल्ला ठोकलेली. ती आजारी पडून मेली तर साहेबांनी सांगितलं, बिल्ल्यासकट कान आणून दाखवा, नाहीतर विकली असं धरू. जाऊबाई कागदात गुंडाळून कान घेऊन तीन दिवस कचेरीत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी लांबूनच सही केली. तेव्हापासून गावाला एक पक्कं कळलं होतं: मिळतं त्याची तपासणी होते.

"काय करायचं मनात आहे, मावशी?"

"शेळ्या," मावशी म्हणाल्या.

"किती?"

"...दोन."

ताईने लिहून घेतलं.

पहिला हप्ता आला तो काकांच्या फोनवर. फोनची काच फुटलेली, काकांचे डोळे अधू, म्हणून मावशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. मी मेसेज वाचला. "पुन्हा वाचा," म्हणाल्या. पुन्हा वाचला. "आता आकडा तेवढा वाचा." तोही वाचला. मग त्यांनी हाताला चिकटलेला वाख झटकला आणि चप्पल न घालताच गिरणीकडे गेल्या.

कागद झाला. अर्धी रक्कम आत्ता, अर्धी दुसरा हप्ता आल्यावर, मुदत तीन महिने. तोवर जाती-पिंपं जागची हलणार नाहीत. मुदत टळली तर पैसे परत आणि पट्टी गोदामवाल्याला. त्याला भिंत पुढे घ्यायची होतीच. गिरणीवाला म्हणाला, "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण गोदामवाला रोज विचारतो."

गल्लीला विषय मिळाला. चार हात रुंद जमीन! लोहार म्हणाला, "मावशी साप पाळणार." दूधवाल्याला काळजी वेगळीच. "तिथे झोपलात तर कूस कशी बदलणार?" जाऊबाई तर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या. "तू शेळ्या लिहिल्यास आणि बोळ घेतलास. आता येतील बघायला, तेव्हा काय दाखवशील? बोळ?"

आणि खरंच निरोप आला. दुसऱ्या हप्त्याच्या आधी ताई घरोघर येऊन जाणार.

मावशींचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. मी म्हटलं, "अहो, ती म्हणाली होती ना, कशालाही वापरा. सरळ सांगून टाका."

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या," मावशी म्हणाल्या, "तुम्हाला माणसं म्हणतात तेच खरं वाटतं."



ठरलं असं. जाऊबाईंकडे दोन शेळ्या होत्याच. त्यातली निदान पांढरी दुपारपुरती आणायची, दारात बांधायची, ताईला दाखवायची. दुसरी चरायला गेली आहे असं सांगायचं. एका अर्थाने ते खोटंही नव्हतं, ती जाऊबाईंच्या धाकट्याबरोबर रोज चरायला जायचीच. ताई दुपारी तीनला येणार होती.

ती एक वाजताच आली. अशा माणसांना उशीर कधी होत नाही.

मावशी तेव्हा वाख विंचरत होत्या. "अहो!" त्यांनी काकांना नुसती हाक मारली. काका स्टुलावरून उठले आणि मागच्या दाराने जाऊबाईंच्या गोठ्याकडे निघाले. "पांढरी!" मावशी दबक्या आवाजात ओरडल्या. मग वाख बाजूला सारून दारासमोर उभ्या राहिल्या, ताईकडे तोंड करून, दाराकडे पाठ. मी आमच्या ओट्यावर निवडायला घेतलं होतं. पुढच्या अर्ध्या तासात हातातली भाजी किती निवडली आणि किती सांडली, देव जाणे.

"या ताई. पाणी घेता?"

"आधी बसू द्या मावशी, उन्हातून आलेय. कशी आहे तब्येत?"

तब्येत झाली, ऊन झालं, ताईच्या घरी कोण कोण ते झालं. तेवढ्यात मागून खुरांचा आवाज आला, काकांच्या धापा आल्या, दोर खांबाला घातल्याचा आवाज आला. मावशींच्या टाचांना सगळं कळलं. त्यांचे खांदे खाली आले. वाख चघळल्याचा आवाज आला तेव्हा तर त्यांनी चेहऱ्यावर शेळीवाल्या बाईचा थोडा तोरासुद्धा आणला.

"अरे वा," ताई म्हणाली. "घेतलीत वाटतं?"

"घेतली की. फॉर्मवर लिहिलं होतं ना."

"दूध किती देते?"

"सकाळ-संध्याकाळ मिळून लिटरभर," मावशींनी ठोकून दिलं.

ताईने मान जराशी वाकडी करून मावशींच्या मागे पाहिलं. सुनेने तोंडावर हात दाबला. काका आभाळाकडे बघायला लागले.

"मावशी, जरा मागे बघता का?"

"सांगा ना, ऐकतेय मी."

"नाही, बघाच एकदा."

तीस वर्षं जी मान वळली नाही ती त्या दिवशी वळली. मागे खांबाला बांधलेला होता जाऊबाईंचा बोकड. धिप्पाड, पांढराशुभ्र, त्याच्या बोकडपणाबद्दल पाच पावलांवरूनही कुणाला शंका येऊ नये असा.

"पांढरा म्हणालीस," काका पुटपुटले. "पांढराच आहे."

"मी पांढरी म्हणाले!"

"गोठ्यात अंधार होता गं."

ताईने ओठ घट्ट मिटले होते, तरी हसू नाकातून आलंच. तिच्या मागोमाग सून हसली, मी हसले, लोहार हातोडा टाकून हसला. काकाही हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांच्या हातांना काय करावं कळेना. ते हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

ताईचं हसू विरलं. बोकडावरून तिची नजर दाराच्या दुसऱ्या खांबाकडे गेली. तिथे ठकी होती. आपल्या दोराच्या पार टोकाला येऊन, बोकडाकडे हात पसरून उभी. एका खांबाला बोकड, दुसऱ्या खांबाला पोर.

"हिला का बांधलंय?" ताईने हळूच विचारलं.

मग मावशी बोलल्या. कुणाकडेही न बघता, एका दमात. मोटरसायकल, दूधवाल्याचं कोपर, पट्टी, नव्वद पावलं, गिरणीवाला, तीन महिन्यांतले राहिलेले सतरा दिवस. शेवटी म्हणाल्या, "शेळ्या मी घेतल्या नाहीत. खोटं बोलले. मला काय ती शिक्षा करा, फॉर्मवर काय ते लिहा. पण ती पट्टी जाऊ देऊ नका. पुढचे पैसे अर्धेच द्या, बाकी मी कसेही..."

"मावशी," ताई म्हणाली, "मला ती पट्टी दाखवता?"

गेलो आम्ही सगळेच. काका बोकड सोडायला विसरले, त्याने मागे अर्ध्या दिवसाचा वाख संपवला. गिरणीच्या मागे जात्यांवरून, पिंपांवरून वाट काढत मावशी पुढे आणि ताई मागे. "इथे चाक. इथून मी निघणार. इथे सून येईल भोवरा घेऊन. आणि ही..." त्यांनी ठकीला कडेवरून खाली ठेवलं, "ही कुठेही."

ताई त्या भिंतींच्या मध्ये उभी राहून टोकापर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या हप्त्याचा आणि शेळ्यांचा काही संबंध नव्हता. मी बैठकीत सांगितलं होतं."

"सांगतात सगळेच," मावशी म्हणाल्या.

"मी तपासायला नाही, विचारायला आले होते. कशाचं काय झालं, कुठे अडलं. पैसे येणारच आहेत, शेळी असो, बोकड असो, नाहीतर काहीच नसो." आणि मग पिशवीतून फॉर्म काढता काढता म्हणाली, "आम्ही पूर्वी वस्तू द्यायचो. या गावात आलो असतो तर घरटी दोन शेळ्या वाटून गेलो असतो."

"आणि माझा वाख खाऊन त्या धष्टपुष्ट झाल्या असत्या," मावशी म्हणाल्या आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

ताईने 'शेळ्या' वर रेघ मारली. मावशी घाबरून म्हणाल्या, "खोडलं तर चालतं?"

"चालतं. काय लिहू?"

फॉर्मवर घरदुरुस्ती होतं, शिक्षण होतं, दुकान, औषधपाणी, जनावरं होतं. लांब जमिनीचा रकाना नव्हता. शेवटी 'इतर' होतं आणि त्यापुढे बोटभर जागा. तिथे ताईने बारीक अक्षरात लिहिलं, मावशींनी वाचायला सांगितलं, तिने वाचलं: "दोर वळायला नव्वद पावलांची सरळ जागा, आणि नातीला मोकळं सोडता यावं."

"बरोबर," मावशी म्हणाल्या. "असंच."

तेवढ्यात जाऊबाई आल्या. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं, पण परिस्थिती सावरायला हवी एवढं कळलं असावं. "अगं बाई, माझा बोकड तुझ्या दारात कसा आला?" असं म्हणत तोंडभर हसल्या. आणि आम्ही बघतच राहिलो. वरचे, खालचे, पांढरेशुभ्र, बत्तीसच्या बत्तीस. आदल्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन कवळी बसवून आल्या होत्या आणि इतके दिवस तोंडावर हात धरून वावरत होत्या.

"तुमच्याही फॉर्मवर शेळ्या होत्या ना?" ताईने विचारलं.

जाऊबाईंनी तोंड मिटलं. मग विचार करून पुन्हा उघडलं. "शेळ्या आहेतच की माझ्याकडे. म्हणून तर शेळ्या लिहिल्या. चावता काही येत नव्हतं चार वर्षं, ते कुठे लिहायचं?"

'इतर' मध्ये, असं आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं.

दुसरा हप्ता अकराव्या दिवशी आला. मेसेज मीच वाचला, या वेळी एकदाच. गिरणीवाल्याने पैसे घेतले, कागदावर सही केली आणि वर स्वतःच्या दोन माणसांना जाती हलवायला पाठवलं. लोहाराने चाकाला नवीन खुंट ठोकून दिला, पैसे घेतले नाहीत. "साप पाळायला माझी मदत," म्हणाला. दूधवाला मोडकी पिंपं मोटरसायकलला बांधून भंगारवाल्याकडे टाकून आला. तीन खेपा झाल्या. त्याचा हात केव्हाच बरा झाला होता, तरी कोपराला वण आहे.

पहिल्या दिवशी दोर वळताना बघायला मी मुद्दाम गेले. काका स्टुलावर, सून भोवरा धुऊन-पुसून हातात घेऊन तयार. मावशींनी कमरेला वाख गुंडाळला. मग आठवण झाली तशा ठकीपाशी बसल्या आणि तिच्या कमरेची गाठ सोडली. कापूस काढला, दोर गुंडाळून काखोटीला मारला, चाकाला चिमूट अडकवली आणि मागे निघाल्या.

ठकी त्यांच्या मागोमाग चालायला लागली. एक, दोन, तीन, चार पावलं. आणि थांबली. कमरेला काही नव्हतं, समोर मोकळी जमीन होती, पण पोर चौथ्या पावलावर अशी थांबली, जणू दोर ताणला गेला. कमरेकडे बघितलं. आजीकडे बघितलं.

सुनेने पटकन पुढे व्हायला पाऊल उचललं. मावशींनी मानेनेच नको म्हटलं. त्यांना स्वतःला थांबता येत नव्हतं. हातात सुरू झालेली दोरी होती. त्या मागे जातच राहिल्या. पण मागे जाणाऱ्या माणसाचं तोंड कुठे असतं? त्यांचं सगळं लक्ष नातीवरच होतं. "ये की गं," म्हणाल्या. "ये. कुणी नाही धरलेलं."

ठकीने पाचवं पाऊल टाकलं. तिथे जरा डुगडुगली. मग सहावं टाकलं आणि मग मोजायला वेळच दिला नाही. आजी मागे मागे, नात पुढे पुढे, मध्ये त्या दोघींच्या बाजूने नवी दोरी लांबत चाललेली, आणि कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. चाकाच्या कुरकुरीवरून मला एवढंच कळलं की काकांनी डोळे पुसायलाही हात काढला नाही. चाक थांबलं असतं तर दोरात मऊ जागा राहिली असती.

आता बिनसांध्याचे साठ पावलांचे दोर जातात मुलाच्या मालकाकडे, आणि व्यापारी अंगठा फिरवतो तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेच थांबत नाही. चाक फिरवायला काकांच्या मदतीला दुपारी पगारी माणूस येतो. मुलगाही महिन्यात दोनदा घरी येतो, माल उचलायच्या निमित्ताने. ठकीच्या दोराचा पीळ मावशींनी उलगडला आणि पट्ट्या भांडी पुसायला घेतल्या. गल्लीत दूधवाला अजून मावशींच्या दाराशी आला की ब्रेक दाबतो. मग आठवतं आणि स्वतःलाच हसतो.

पट्टीत पहिला दोर वळला त्या दिवशी संध्याकाळी मावशी माझ्याकडे आल्या होत्या. "वहिनी, पैसे ज्यांनी दिले त्यांचं तोंड काही मी पाहिलं नाही. ताईचं पाहिलं, पण ती म्हणते माझे नव्हते. मग उपकार मानायचे कुणाचे? तुम्ही एक पत्र लिहा. ती पोचवेल."

मी वही घेतली. "काय लिहू?"

मावशींनी हाताला चिकटलेले वाखाचे धागे एकेक करून काढले.

"लिहा," म्हणाल्या, "ठकी नव्वद पावलं चालली. आणि परतसुद्धा आली."